दहापैकी सात

फाटकातून ट्रेलर आत वळला की सायट्रस बेंड पार्कात खुर्च्या बाहेर येतात. येणाऱ्याच्या स्वागताला नव्हे. तो आपलं चाकांवरचं घर उलटं चालवत जागेत कसं बसवतो, ते बघायला. सगळी सत्तरीपुढची, हिवाळा काढायला उत्तरेकडून येणारी मंडळी. कुणाचा गुडघा नवा, कुणाचा खुबा नवा, कुणाची कवळी नदीपल्याड मेक्सिकोत जाऊन करून आणलेली. एरवी टपाल आणायला ऑफिसापर्यंत जायचं तरी बॅटरीची गाडी लागते. पण ट्रेलर आला म्हटल्यावर अशी तुरुतुरु रस्त्याच्या कडेला जमतात की त्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं तर निम्मी औषधं बंद करावीत. ट्रेलर बसला की मग गुण द्यायचे. जेवणाच्या कागदी थाळीवर जाड पेनानं आकडा लिहायचा आणि थाळी डोक्यावर धरायची. चार मिळाले तर समजायचं, त्या घरात आज नवरा-बायको वेगवेगळ्या वेळी जेवणार.

डेल्मर टोलेफ्सनला बावीस हिवाळे दहाच मिळत आले होते.

नॉर्थ डकोटातला हा गव्हाचा शेतकरी. शेत जावयाच्या हाती सोपवल्यापासून दर नोव्हेंबरात टेक्सासच्या या टोकाला उतरायचा, मार्च संपता संपता परत जायचा. एक्केचाळीस नंबरच्या जागेपुढे पिकअप उभी करायचा, मागे छत्तीस फुटी ट्रेलर, डावा कोपर खिडकीबाहेर. एकदा आरशात बघितल्यासारखं करायचा आणि एका दमात, पुन्हा पुढे न घेता, ट्रेलर आत. दहा, दहा, दहा. त्यातली एक थाळी तो मागून घ्यायचा आणि सिंकवरच्या कपाटात ठेवायचा.

त्याची बायको आर्लिस तेव्हा मागे उभी असायची. डोक्यावर गवती टोपी. ती सारखी टोपी काढायची, या हातातून त्या हातात घ्यायची, पुन्हा घालायची. "बिचारीला उकाडा सोसत नाही गं," असं पार्कातल्या बायका म्हणायच्या.

उकाडा-बिकाडा काही नव्हता. टोपी डाव्या हातात म्हणजे शेपूट डावीकडे ने. उजव्या हातात म्हणजे उजवीकडे. डोक्यावर म्हणजे सरळ ये. छातीशी धरली म्हणजे थांब, नाहीतर मेलास. बावीस वर्षांत डेल्मरनं हे कुणाला सांगितलं नाही आणि आर्लिसनंही सांगितलं नाही. त्याचं सांगायचं राहून गेलं होतं. तिला मात्र आपण होऊन सांगणं कमीपणाचं वाटायचं. मनातल्या मनात ती वाट बघत होती, हा कधीतरी स्वतः सांगेल.

तर यंदा गडबड झाली ती डेल्मरच्या डोळ्यांची. मे महिन्यात गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो आता जायचा नाही. कडेकडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. डेल्मर घरी आला, पिकअपच्या चाव्या आर्लिसच्या हातात ठेवल्या आणि गोठ्यात जाऊन तासभर बसला. गोठ्यात गेली नऊ वर्षं एकही जनावर नव्हतं.

धाकटी मुलगी क्रिस्टी फार्गोहून आली ती ठरवूनच आली. "आई, पुरे झालं आता. ट्रेलर विका आणि हिवाळा माझ्याकडे काढा. खाली दोन खोल्या रिकाम्या आहेत."

"तुझ्या तळघरात? आणि तिथून खिडकीबाहेर काय बघायचं? बर्फाची आतली बाजू?"

"मग तिथवर गाडी नेणार कोण?"

"मी."

"तू चर्चला जाताना वळण टाळायचं म्हणून दोन मैल लांबून जातेस."

हे खरं होतं, म्हणूनच आर्लिसला झोंबलं. ती ताडकन म्हणाली, "एक्केचाळीस नंबरात ट्रेलर मी घालीन. माझ्या हातानं. दुसऱ्या कुणाचा हात स्टिअरिंगला लागला, तर वसंतात खुशाल विकून टाक. मी येईन तुझ्या तळघरात."

बोलून गेली खरी. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसानं जरा तोंड सांभाळून बोलावं, पण या बाईनं उभ्या जन्मात दिलेला शब्द फिरवला नव्हता आणि क्रिस्टीला ते चांगलं माहीत होतं. "कबूल," क्रिस्टी म्हणाली, आणि तळघराला रंग द्यायला माणूस बोलावला.

मग गव्हाची कापणी झाल्यावर त्या धसकटांच्या शेतात शाळा सुरू झाली. जावयाकडून गवताचे गोल गठ्ठे आणून डेल्मरनं पावलांनी मोजून एक्केचाळीस नंबरची जागा उभी केली. हा गठ्ठा म्हणजे शेजारच्या व्हर्जिलची काचेची पडवी. हा गठ्ठा म्हणजे आपलं ग्रेपफ्रूटचं झाड. पपनसासारख्या फळांचं ते झाड त्यानंच लावलेलं, पहिल्या हिवाळ्यात, मनगटाएवढं रोप.

"हात स्टिअरिंगच्या तळाशी धर," तो सांगायचा. "शेपूट जिकडे न्यायचंय तिकडे हात ने. बास. बाकीचं सगळं आरशात असतं."

आरसा म्हटल्यावर आर्लिसच्या जिवात जीव आला. एक्केचाळीस वर्षं तिनं चर्चमध्ये ऑर्गन वाजवला होता, लोकांकडे पाठ करून. पाद्रीबाबा कधी उभे राहतात, वधू दारात कधी येते, हे सगळं ती डोक्यावरच्या बशीएवढ्या गोल आरशात बघायची. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, नजर आरशात, आणि जगातलं डावं-उजवं उलटंपालटं. तिच्यासाठी ते नवीन नव्हतं. पहिल्या आठवड्यात चार गठ्ठे फुटले. दुसऱ्यात एक. ऑक्टोबरच्या शेवटी तिनं सलग अकरा वेळा ट्रेलर आत घातला. डेल्मर मागे टोपी घेऊन उभा, तोंड भलतीकडे केलेलं. सरळ बघितलं की त्याला राखाडी ठिपका दिसायचा. म्हणून गठ्ठ्याकडे बघायचं तर तो मान वळवून पार क्षितिजाकडे बघायचा आणि डोळ्याच्या कडेनं गठ्ठा पकडायचा. आधी तिला हसू यायचं. मग सवय झाली. पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी दोघं निघाली, आणि सतराशे मैल सात दिवसांत तिनं काटले. कॅन्सस शहरातल्या पुलांवरसुद्धा तिनं डेल्मरला एकदाही ओरडू दिलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी ती सायट्रस बेंडच्या ऑफिसापुढे थांबली. पार्क सांभाळणारी नेल्डा धावत बाहेर आली. दोघांना मिठ्या मारल्या, आर्लिसला स्टिअरिंगमागे बघून भुवया वर केल्या. मग म्हणाली, "आर्लिसबाई, एक सांगायचं राहिलं. आतला रस्ता आता उलट्या बाजूनं आहे हं. एकेरी. इकडून जायचं, तिकडून बाहेर यायचं."

"म्हणजे?"

"मागच्या मार्चात वळणावर दोन बॅटरीच्या गाड्या समोरासमोर आदळल्या. दोघांचं वय मिळून एकशे एकाहत्तर. मग कमिटीनं दिशाच बदलली."

आर्लिसनं मनातल्या मनात रस्ता उलटा फिरवून बघितला. आजवर एक्केचाळीस नंबर डाव्या हाताला यायचा. डावीकडे जागा असली की ड्रायव्हरला खिडकीतून मान काढून ट्रेलरचं शेपूट दिसत राहतं. आता जागा उजव्या हाताला येणार. तिकडे शेपूट वळलं की आड जातं, आणि उजव्या आरशात दिसते ती फक्त स्वतःच्या ट्रेलरची पांढरी भिंत. तरण्याबांड ट्रकवाल्यांनासुद्धा त्या आंधळ्या बाजूनं घालायचं म्हटलं की घाम फुटतो. आणि दोन महिने गठ्ठ्यांमध्ये केलेली सगळी मेहनत डाव्या बाजूची होती.

"नेल्डा, एकदाच जुन्या बाजूनं जाऊ दे. पाच मिनिटं."

"तुम्हाला सोडलं तर उद्या दोनशे जण सोडा म्हणतील. तुम्ही ओळखता ना आपल्या माणसांना?" नेल्डा खिडकीला हात टेकून हळूच म्हणाली, "पुढच्या रांगेत सहा नंबर रिकामा आहे. सरळ आत शिरायचं, सरळ बाहेर. उलटं घालायचं कामच नाही. मी कुणाला काही बोलणार नाही."

पुढची रांग हमरस्त्याला लागून. तिथं एक रात्र मुक्कामाला येणारे राहतात. तिथं शेजार नाही, पडवी नाही, झाड नाही. आर्लिसनं डेल्मरकडे बघितलं. तो समोरच्या काचेकडे बघत होता, म्हणजे त्याला तीच कडेनं दिसत होती.

"तू चालवणार. तू ठरव," तो म्हणाला.

"एक्केचाळीस," आर्लिस म्हणाली आणि गाडी सुरू केली.

बातमी तिच्या आधी पोचली होती. खुर्च्यांची दुहेरी रांग लागलेली. आर्लिसला स्टिअरिंगमागे आणि डेल्मरला पलीकडच्या सीटवर बघून कुजबुज सुरू झाली. ती जागा ओलांडून पुढे गेली, थांबली. डेल्मर उतरला, एक हात ट्रेलरवर फिरवत मागे गेला आणि ग्रेपफ्रूटच्या झाडापाशी उभा राहिला, डोक्यावर तिची गवती टोपी. बायकांना वाटलं, आता याला पण उकडायला लागलं.

आर्लिसनं हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला आणि सोडली गाडी मागे. शेपूट उजवीकडे वळायला लागलं. वळता वळता उजव्या आरशातून झाड गेलं, टोपी गेली, नवरा गेला. उरली पांढरी भिंत. आणि मग सगळ्या खुर्च्यांना एकदम वाचा फुटली.

"डावीकडे घे, डावीकडे!"

"अगं डावीकडे काय, उजवीकडे! तिचं उजवं!"

"फार आलीस, फार आलीस!"

"अरे, डेल्मर तर बघतच नाहीये! तो बघा, क्लबहाउसकडे बघत उभाय!"

खालून कुरकुर, करकर असा आवाज आला. आर्लिसनं ब्रेक दाबला. व्हर्जिलच्या पडवीपुढे ओळीनं लावलेल्या उन्हावर चालणाऱ्या दिव्यांपैकी तीन चाकाखाली गेले होते. कुणीतरी फिस्सकन हसलं.

चाळीस नंबरवाला व्हर्जिल आलाच. आयोवाचा हा धिप्पाड माणूस. मनानं चांगला, पण मदतीचा भारी सोस. पार्कातल्या सगळ्या विधवांचे ट्रेलर त्यानंच लावून दिलेले. त्यानं आर्लिसचं दार उघडलं सुद्धा.

"दिव्यांचं सोड, ते माझ्या बायकोला तसेही आवडत नव्हते. उतर तू. दोन मिनिटांचं काम आहे. यात लाज कसली?"

त्याचा हात स्टिअरिंगकडे आला. पांढऱ्या केसांचा मोठा, उबदार हात. आणि खोटं कशाला सांगा, आर्लिसला क्षणभर वाटलं, द्यावं. उतरावं, सावलीत खुर्चीवर बसावं, कुणीतरी थंड चहा आणून देईल. मग तिला क्रिस्टीचं तळघर दिसलं, नवा पिवळा रंग, छताला लागून असलेली वीतभर खिडकी. आणि त्या खिडकीखाली बसलेला डेल्मर, दिवसभर कडेनं बघणारा.

"व्हर्जिल, हात काढ."

"अगं पण—"

"हात काढ म्हटलं ना. दिवे मी भरून देईन. स्टिअरिंगला हात लावलास तर बोटं चावीन."

व्हर्जिलनं हात मागे घेतला. आर्लिस खाली उतरली, साऱ्या पार्कासमोर ट्रेलरला वळसा घालून झाडापाशी गेली. डेल्मर टोपी छातीशी घट्ट धरून उभा होता. थांब, नाहीतर मेलास.

"मी कधीची छातीशी धरलीय," तो म्हणाला. "तू थांबेचनास."

"मला तू दिसतच नाहीस या बाजूनं. टोपी डोक्यावर घे नाहीतर खा, काही उपयोग नाही." तिनं आवाज खाली आणला. "तुला झाड दिसतंय?"

"झाड, बुंधा, ट्रेलरचा कोपरा. सगळं. तिकडे बघितलं की इकडचं चांगलं दिसतं. पण तुला मी दिसत नाही, तर माझ्या दिसण्याचा काय उपयोग?"

"मग सांग. ओरडून सांग."

"एवढ्या गोंधळात?"

"क्लबहाउसात साठ जोडपी नाचवायचास तू. मायक्रोफोन बंद पडला त्या वर्षी सुद्धा."

डेल्मरनं टोपी छातीवरून खाली घेतली. अठरा हिवाळे त्यानं त्या हॉलमध्ये नाचाचा पुकारा केला होता. चार-चार जोडप्यांचे चौकोन उभे राहायचे आणि हा मंचावरून सांगेल तसं सगळे फिरायचे. कुणी कुणाचा हात धरायचा, कुणी कुणाला सोडायचं, सगळं याच्या आवाजावर. मागच्या हिवाळ्यात त्यानं अचानक सोडून दिलं. घसा बसतो म्हणाला. घशाला काहीएक झालं नव्हतं. त्याला चेहरे दिसेनासे झाले होते आणि ते त्यानं बायकोलासुद्धा मे महिन्यापर्यंत सांगितलं नव्हतं.

"मी सोडलंय ते," तो म्हणाला.

"मी पण चर्चचं वळण टाळायचे. चल. मला पाद्रीबाबा लागतात, आरशात नाहीतर कानात." ती जायला निघाली, मग मागे वळली. "आणि माझी टोपी दे इकडे. तुला शोभत नाही."

टोपी डोक्यावर घालून ती परत गाडीत चढली. दोन्ही खिडक्या खाली केल्या. गाडी पुढे घेतली, सरळ केली आणि थांबली. खुर्च्यांमधून पुन्हा सूचना सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात झाडापासून आवाज आला.

"चौकोन करा हो, चौकोन कराऽऽ!"

वर्षभर कोंडून ठेवलेला तो आवाज असा निघाला की झाडातले हिरवे पक्षी उडाले. पुकारा झाला की बोलणं बंद, हा हॉलमधला नियम. अठरा हिवाळ्यांची सवय. खुर्च्या चिडीचूप झाल्या. व्हर्जिलनं तर डोक्यावरची कॅपही काढली.

"बाई एकटी, गडी झाड! हळूच मागे, हळूच मागे, ये गं ये गं, सरळ ये... आता कंबर उजवीकडे! उजवीकडे, उजवीकडे, अजून थोडी उजवीकडे..."

आर्लिसनं आरशाकडे बघणंच सोडून दिलं. आरशात भिंतीशिवाय होतं काय? ती ऐकत होती. तळाशी धरलेला हात उजवीकडे सरकत होता, पाय ब्रेकवर हलका, अगदी ऑर्गनच्या पायपट्टीवर ठेवावा तसा. ताल तिला माहीत होता. याच तालावर ती दर शनिवारी हॉलमध्ये व्हर्जिलपासून सगळ्यांबरोबर नाचली होती आणि शेवटी या आवाजाबरोबर घरी गेली होती.

"...थांब! झाड विचारतंय, बाईचा इरादा काय? पुढे घे, दहा पावलं, डावीकडे तोंड... शाब्बास. परत ये, परत ये, कंबर उजवीकडे, जास्त नको, जास्त नको, सोड आता, सरळ कर... थांब!"

पुन्हा पुढे. पुन्हा मागे. तीन वेळा तिला पुढे घ्यावं लागलं. डेल्मरनं उभ्या जन्मात एकदाही घेतलं नव्हतं, पण त्याला तेव्हा खिडकीतून शेपूट दिसत होतं आणि मागे टोपी होती. चौथ्या खेपेला ट्रेलरच्या छपराला एक फांदी घासली, एक ग्रेपफ्रूट धप्पकन छपरावर पडलं आणि गडगडत मागे गेलं. डेल्मर क्लबहाउसकडे तोंड करून उभा, मान तिरकी, आणि त्याचा एक हात वर गेला.

"फळ पडलं, झाड नाही पडलं! ये, ये, सरळ ये, घरात ये, घरात ये..."

आता डाव्या आरशात व्हर्जिलची काचेची पडवी दिसायला लागली, हातभर लांब, ट्रेलरशी अगदी समांतर. आर्लिसनं आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं, आणि त्यात क्रिस्टीचा जन्मही धरला तरी चालेल.

"आणि... नमस्कार करा आपल्या जोडीदाराला!"

नाच संपताना तो हेच म्हणायचा. आर्लिसनं ब्रेक दाबला, गाडी बंद केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. काम झालं होतं. छाती फुगली होती. एवढा मोठा अभिमान तिला कधी सांभाळावा लागला नव्हता, त्यामुळे तो ठेवायचा कुठे ते कळेना.

ती उतरली तेव्हा थाळ्या वर गेल्या होत्या. आठ, सात, आठ, एक नऊ तिच्या नाचातल्या मैत्रिणीचा. व्हर्जिलनं सात दिले होते.

"सातच?" त्याची बायको मर्ना त्याच्यावर खेकसली. "अरे, आंधळ्या बाजूनं घातलाय तिनं!"

"तीनदा पुढे घेतला. तीन दिवे मोडले. खरे गुण सात. डेल्मर असता तर—"

"व्हर्जिल," डेल्मर म्हणाला. तो ट्रेलरवर हात फिरवत पुढे आला होता. "डेल्मर असता तर काय?"

"तू एका दमात घालायचास, एवढंच म्हणतोय."

डेल्मर थांबला. त्याचं तोंड पामच्या झाडांकडे होतं, म्हणजे तो आर्लिसकडे बघत होता. आवाज अजून पुकाऱ्याचाच होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मी कधी घातलाच नाही. बावीस वर्षं स्टिअरिंग माझ्या हातात होतं आणि ट्रेलर हिच्या टोपीवर चालत होता. डाव्या हातात टोपी म्हणजे डावीकडे. उजव्या हातात म्हणजे उजवीकडे. तुम्हाला वाटायचं हिला उकडतंय. हिला कधी उकडलं नाही. तुम्ही दिलेला एकेक दहा हिचा आहे. हे मी पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं. पण तुम्ही टाळ्या वाजवत होतात आणि मला ते आवडत होतं."

व्हर्जिल आपल्या सात लिहिलेल्या थाळीकडे बघत राहिला, मग खिसे चाचपून पेन शोधायला लागला.

"खबरदार," आर्लिस म्हणाली. "सात लिहिलेस ना? सातच ठेव. दे ती थाळी इकडे."

तिनं थाळी त्याच्या हातातून घेतली, काखेत धरली आणि नवऱ्याकडे वळली. बावीस वर्षं या वाक्याची वाट बघितली होती. आल्यावर काय म्हणायचं ते तिनं कितीदा ठरवून ठेवलं होतं. ऐन वेळी त्यातलं एकही आठवलं नाही.

"फार उशीर केलास हं," ती म्हणाली आणि टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. "असू दे. शोभते तुला."

मग तिनं तिथंच रस्त्यावर उभं राहून क्रिस्टीला फोन लावला. तिकडे पारा शून्याखाली पंचवीस होता.

"घातला," आर्लिस म्हणाली. "एक्केचाळीसमध्ये. आंधळ्या बाजूनं. तीन दिवे मोडले, एक ग्रेपफ्रूट पाडलं, तीनदा पुढे घ्यावा लागला. दहापैकी सात मिळाले."

क्रिस्टीनं विचारलं, "आणि कुणी हात लावला नाही?"

"एकानं लावायचा प्रयत्न केला. बोटं शाबूत आहेत त्याची."

"बाबा काय करत होते?"

"पुकारा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग क्रिस्टी म्हणाली, "आई, तळघरात मी शिवणयंत्र ठेवते. रंग तेवढा छान लागलाय."

आर्लिस ट्रेलरमध्ये गेली. वाटेत ओकलाहोमात थांबून भाजलेल्या लिंबाच्या वड्या डब्यात होत्या. पार्कात पोचल्यावर वाटायला दरवर्षी आणायचीच. वाटायला थाळ्या हव्यात म्हणून तिनं सिंकवरचं कपाट उघडलं. वरच्या फळीवर चळत होती, बावीस थाळ्यांची, कडा पिवळ्या पडलेल्या, प्रत्येकीवर जाड पेनातला दहाचा आकडा आणि कोपऱ्यात साल. डेल्मर दारात उभा होता. त्याला त्या नीट दिसत नव्हत्या, पण कागदाचा आवाज ओळखू आला.

"त्या घेणारेस?" त्यानं विचारलं.

"माझ्याच आहेत ना?"

"तुझ्याच आहेत."

एकेका थाळीत दोन-दोन वड्या घालून तिनं त्या रस्त्यावर वाटल्या. मर्नाला, नऊ देणाऱ्या मैत्रिणीला, ऑफिसातून बघायला आलेल्या नेल्डाला. व्हर्जिलच्या वाट्याला आली ती दोन हजार चौदा सालची; वड्या संपल्यावर खाली त्याचंच अक्षर निघालं, आणि त्यानं थाळी घडी करून शर्टाच्या खिशात घातली.

व्हर्जिलनं दिलेला सात तिनं वाटला नाही. तो तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून चिकटपट्टीनं लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून वाचता येईल असा, आकडा बाहेरच्या बाजूला करून.